सोय आणि अट

एखादी नवी वस्तू समाजात येते ती सोय म्हणून येते. ज्याला हवी तो घेतो. जो घेत नाही त्याचे काही बिघडत नाही. पुढे घेणाऱ्यांची संख्या वाढत जाते आणि एक दिवस असा उजाडतो की न घेणाऱ्याचेच अडू लागते. तो दिवस कोणी आणला, आणि तो आल्यानंतर ज्यांच्या हाती ती वस्तू आहे त्यांच्यावर, ज्यांच्या हाती नाही त्यांच्याविषयी, काही कर्तव्य येऊन पडते की नाही, हा प्रश्न तसा जुना आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत आपल्या देशात मोबाइल फोनचा जो बाजार वाढला, त्याने तो प्रश्न जितक्या ठसठशीतपणे मांडला तितका पूर्वी क्वचितच मांडला गेला असेल. आमच्या देवस्थानांच्या कारभारातही तो आता येऊन उभा राहिला आहे. म्हणून ह्या पानांत त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटले.

ह्या बाजाराचा आरंभ ३१ जुलै १९९५ पासून धरतात. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलले. घरात साधा दूरध्वनी यावा म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस. मोबाइलवर बोलावयाचे तर गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात खर्च येई, आणि नवलाची गोष्ट ही की बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठरीव परवाना शुल्काचा बोजा काढून त्याऐवजी उत्पन्नात हिस्सा घेण्याची पद्धत आणली. २००३ साली येणाऱ्या कॉलला पैसे पडणे थांबले; त्याच वर्षी ५०१ रुपये भरून घेऊन हाती फोन देण्याची एका कंपनीची योजना निघाली, आणि पोस्टकार्डापेक्षा बोलणे स्वस्त, ही भाषा लोकांच्या तोंडी आली. ऑक्टोबर २००४ मध्ये मोबाइल जोडण्यांची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर निघाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बोलणे आणि इंटरनेट काही महिने फुकटच वाटले. २०२४ अखेर देशात सुमारे ११५ कोटी जोडण्या होत्या. मधल्या काळात परवान्यांच्या वाटपाचे मोठे प्रकरण झाले, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली १२२ परवाने रद्द केले. पण तो विषय निराळा.

ह्या वाढीने जे भले झाले ते नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. मासळीच्या बाजाराशी ज्यांचा सोमवार-एकादशी वगळून नित्य संबंध आहे, अशा आमच्या वाचकांस एक उदाहरण लगेच पटेल. रॉबर्ट जेन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारलीच्या व्यापाराचा अभ्यास करून तो २००७ साली प्रसिद्ध केला. १९९७ पूर्वी तेथील नौका ज्या बंदरी लागे त्या बंदरातच माल विकावा लागे. एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून पकडलेली तारली पुन्हा समुद्रात फेकावी, आणि काही कोसांवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या टोपलीने परत जावे, असे एकाच सकाळी घडे. १९९७ ते २००१ ह्या काळात तेथे मोबाइलचे मनोरे उभे राहिले, कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले, आणि मासळी फेकण्याचा प्रकार जवळजवळ संपला. कोळ्याचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, खाणाऱ्यास मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, ज्या नौकांनी फोन घेतला नव्हता त्यांनाही ह्या सुधारलेल्या बाजाराचा थोडाफार लाभ पोचला. सोय सोयच होती तोवर तिचा प्रसाद न घेणाऱ्यासही मिळत होता.

गरिबांनी तर ह्या यंत्राला आपल्या बुद्धीने वळण लावले. एक घंटी वाजवून फोन ठेवायचा, पैसा खर्चायचा नाही, आणि पलीकडच्याने समजावे की मुलगा सुखरूप पोचला, किंवा गाडी निघाली, किंवा तूच आता फोन कर. मिस्ड कॉल ह्या नावाने ही विद्या देशभर पसरली. आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार काव्यापुरता केला. एक अक्षरही न उच्चारता पोचणारा अर्थ मोलमजुरी करणाऱ्यांनी व्यवहारात आणून दाखविला.

मग हे वळण बदलले कोठे? कोणा राजाने फर्मान काढले नाही. गावच्या नाक्यावर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. होते, त्यांपैकी कित्येक अपंग व्यक्तींना चरितार्थाचे साधन म्हणून दिलेले होते. ज्याच्या खिशात फोन आला तो तेथे जाईनासा झाला, ह्यात त्याचा काय दोष? पण असे पुष्कळजण जाईनासे झाले तेव्हा ते दुकान बंद पडले, आणि ज्याच्या खिशात फोन नव्हता त्याला एक रुपयात बोलण्याची जी वाट होती तीही बुजली. गावात घरोघरी नळ आल्यावर सार्वजनिक विहिरीचा वार्षिक उपसा बंद पडतो, तशातलाच हा प्रकार. नळ घेणाऱ्यांनी कोणाचे पाणी तोडलेले नसते. मात्र विहीर उपसणारे हात त्यांचेच होते, आणि ते हात आता येत नाहीत. ज्याच्या घरी नळ नाही तो गढूळ पाणी पितो.

त्यानंतरचे टप्पे वाचकांच्या स्मरणात ताजे असतील. बँकेचा व्यवहार पुरा करावयाचा तर फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा सत्तरी-सांग्याकडची मुले नेटवर्क मिळावे म्हणून डोंगर चढून बसत. (ज्या गावांनी मनोऱ्याला विरोध केला होता त्यांतील काहींना तेव्हा मनोऱ्याची आठवण झाली, हेही नमूद केले पाहिजे.) २०२१ च्या वसंतात १८ ते ४४ वयाच्या लोकांस लस घ्यावयाची तर कोविन ह्या संकेतस्थळावर आधी नोंद करणे सक्तीचे झाले, आणि नोंदीस मोबाइल क्रमांक हवा. खेड्यातल्या निरक्षर माणसाने हे कसे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाला सरकारला विचारावे लागले. आणि केंद्रावर थेट जाऊन नोंद करण्याची वाट पुढे खुली झाली. रोग अंगावर येताना फोनची चौकशी करीत नव्हता. लस मात्र करीत होती.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. २००३ साली ऐकणे फुकट झाले होते. मुंबईस किंवा आखातात असलेल्या मुलाचा फोन यावा म्हणून जी आई फोन जवळ ठेवून बसे, तिला स्वतः पैसा न घालता मुलाचा आवाज ऐकता येई. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नियम केला की, ठरावीक रक्कम, तेव्हा ती ३५ रुपये होती, भरत राहिल्याशिवाय येणारे कॉलही चालू राहणार नाहीत. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर २८ दिवसांसाठी १९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा हा महिना कोणत्याही पंचांगात नाही. त्याच्या हिशेबाने वर्षाचे तेरा महिने होतात, म्हणजे दरसाल अधिकमास, आणि तोही पुण्याविना. नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत निदान एक तरी योजना ३० दिवसांची असावी असे सांगितले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याची योजना ठेवण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होते. पण नको असलेली वस्तू न घेण्यासाठी सरकारी आदेश लागावा, ही अवस्था विचार करण्यासारखी आहे.

ह्यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, प्रत्येकाने आपखुशीने फोन घेतला, कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, मग दोष कोणाचा? आमचे उत्तर असे की, दोष आणि कर्तव्य ह्या भिन्न गोष्टी आहेत. विहीर ज्याने बुजविली नाही त्याच्यावरही, गावकरी म्हणून, तहानेल्याला पाणी देण्याचे कर्तव्य राहते. आपल्या निर्दोष निवडींची बेरीज दुसऱ्यावर भार होऊन पडते तेव्हा तो भार उचलू लागण्यासाठी आधी अपराध सिद्ध होण्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक म्हणतात, आज नसेल एखाद्यापाशी फोन, उद्या येईल. ११५ कोटी जोडण्यांच्या देशात हा प्रश्न दोन-चार वर्षांचा आहे. ह्या विधानातील हिशेबाविषयी आधी बोलतो. जोडण्या म्हणजे माणसे नव्हेत. एकेकाच्या खिशात दोन-दोन असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या सुमारे ५४ टक्केच होत्या. ज्यांची नजर अधू आहे, बोट थरथरते, अक्षर ओळखीचे नाही, त्यांच्या हाती फोन ठेवला तरी तो त्यांचा होत नाही.

पण हिशेबापेक्षा त्यामागील तर्क पाहण्यासारखा आहे, कारण तो आपल्या शास्त्रात येऊन गेलेला आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात अधिकाराचा विचार आहे. यज्ञाला द्रव्य लागते. मग ज्याच्यापाशी द्रव्य नाही त्याला यज्ञाचा अधिकार आहे की नाही? पूर्वपक्ष म्हणतो, नाही. सिद्धान्त असा की आहे, कारण निर्धनता हे माणसाचे कायमचे लक्षण नव्हे. द्रव्य आज नाही, उद्या मिळविता येते. म्हणजे दारिद्र्याच्या अनित्यतेचा आधार घेऊन मीमांसकाने गरिबाचा अधिकार राखला. आजचा व्यवस्थापक त्याच अनित्यतेचा आधार घेऊन म्हणतो, उद्या फोन येईल ना, तोवर थांबा. अनुमान तेच, पण एकाने त्यातून दार उघडे ठेवले आणि दुसऱ्याने ते लोटून घेतले. हे लिहीत असता त्याच अध्यायाने जन्माची अट मात्र तशीच राहू दिली, बादरीचे उदार मत पूर्वपक्षात टाकले, हेही आम्ही विसरत नाही. त्या अटीचे फळ आपल्या समाजाने शतकानुशतके पाहिले. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले.

त्या दारावर बडवे उभे होते. त्यांच्याशी वाद घालता येत होता. नव्या अटीपाशी कोणीच उभे नाही. पूजेची, अभिषेकाची नोंद फोनवर. भक्तनिवासातील खोली फोनवर. जत्रेची, पालखीची, सभेची सूचना फोनवरच्या गटात. इंदूर-बडोद्यास स्थायिक झालेल्या कुळांना ह्यामुळे कुलदैवताची सेवा घरबसल्या रुजू करता येते, हा लाभ मोठा आहे आणि तो काढून घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फंडपेटीशेजारी लावलेल्या चौकटीच्या चिन्हामुळे गुप्तदानाला दात्याचे नाव चिकटते, ह्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू. आमची चिंता त्या म्हातारीची आहे जी चालत येते, पदराची गाठ सोडून पैसे काढते, आणि जिला कार्यालयात विचारले जाते, "आजी, मोबाइल नंबर सांगा." विचारणारा मुलगा सभ्य असतो, त्याला यंत्रात रकाना भरावयाचा असतो. आजी मुलाचा नंबर सांगते. आकडा मस्कतला जातो. मुलगा कामावर असतो. तिच्या मागची रांग वाढते आणि ती आपण होऊन बाजूला होते. तिला कोणी हाकलले नाही.

चारच माणसांसाठी कारकून कशाला ठेवायचा, हा प्रश्न महाजनांच्या सभेत कोणीतरी विचारणार, आणि पैशाच्या दृष्टीने तो अगदीच गैर नाही. त्याचा खर्च ज्यांच्या हाती फोन आहे त्यांनी उचलावा असे आम्हांस वाटते, कारण कारकुनाचे काम त्यांच्या सोयीनेच कमी झाले आहे. नोंदीमागे एक-दोन रुपये अधिक घेतले तरी भागेल. रोख घेणारी खिडकी वेगळी व आडबाजूस नसावी, त्याच रांगेत असावी. गटात गेलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी सभामंडपाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लागावी. आणि कार्यालयाच्या कपाटात छापील पावतीपुस्तके अजून उरली असतील, तर ती संपण्यापूर्वी नवी छापावयास टाकावीत.