जुनी होडी आणि नवा रंग

आमच्या गोंदिया जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु तलावांची वाण नाहीं. अशाच एका तलावाच्या कांठीं माझ्या एका स्नेह्यांच्या वडिलांची फायबरची होडी कित्येक पावसाळे उघडी पडून आहे. वडील गेले. ती दुरुस्त करून, रंगवून, गांवांतील एका ढीवर कुटुंबास द्यावी, असें स्नेह्यांच्या मनानें घेतलें; आणि ‘यांत विचार करण्यासारखें काय आहे?’ असें त्यांनीं मला विचारिलें. मला वाटतें, पुष्कळ आहे.

थीसियसच्या गलबताची कथा प्लूटार्कनें सांगितली आहे. अथेन्सकरांनीं तें जपून ठेविलें. कुजली फळी काढावी, नवी बसवावी. असें गलबत जुनेंच म्हणावयाचें कीं नवें, हा वाद तत्त्ववेत्त्यांस पुरून उरला. सतराव्या शतकांत हॉब्जनें आणखी मेख मारिली: काढलेल्या फळ्या जुळवून कोणी दुसरें गलबत उभारिलें, तर खरें कोणतें? आमच्याकडे या वादास कोणी फारसें बसणार नाहीं. जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळींवर पिढ्यान्‌पिढ्या माती पडली. ही तीच पाळ काय, असें कोणी विचारीत नाहीं. पाणी धरते काय, एवढेंच विचारितात. मला हा प्रश्न अथेन्सच्या प्रश्नाहून अधिक प्रामाणिक वाटतो.

लांकडी डोंगा कुजूं लागला कीं तसें सांगतो. तो काळवंडतो, त्यांत बोट रुततें, आणि शेवटीं तो चुलींत जातो किंवा मातीस मिळतो. फायबरला ही सभ्यता ठाऊक नाहीं. कांचेच्या धाग्यांचें कापड राळेंत भिजवून थरावर थर चढवितात. तें कवच उन्हानें फिकें पडतें, पण लांकडासारखें कुजत नाहीं. कुजतें तें आंत, मागच्या फळीच्या पोटांत घातलेलें प्लायवुड. स्क्रूच्या भोंकांतून पाणी झिरपतें, आंतील लांकडाचा चिखल होतो, आणि बाहेरचें कवच धड दिसत राहतें. इंजिन टांगावयाचें तें नेमकें याच फळीवर.

होडी तशीच पडूं द्यावी, हाही मार्ग निर्दोष नाहीं. जाळावी तर विषारी धूर. पुरावी तर तिची माती होत नाहीं. स्वतःच्या हौसेसाठीं कोणी ती दुरुस्त केली, तर मी आड येणार नाहीं. दान मात्र निराळी गोष्ट. विकत घेणारा ठोकून पाहतो, घासाघीस करितो. दान घेणारा संकोचानें गप्प बसतो. म्हणून तपासण्याचें काम देणाऱ्यावरच येऊन पडतें. वडिलांची आठवण चालती ठेवावी, ही स्नेह्यांची इच्छा मला समजते. पण त्या आठवणींत बसून पहांटे जाळें टाकावयास दुसराच कोणी जाणार.

गेल्या रविवारीं आम्ही दोघे तेथें गेलों. स्नेह्यांनीं रंगाचे डबे आणिले होते. मीं आधीं लहान हातोडीनें कवच ठोकून पाहिलें. पुढें नाद स्वच्छ होता, मागें बद्द. मग फळीस आंतल्या बाजूनें गिरमिटानें भोंक पाडिलें. भुसा काळा आणि ओला निघाला. आतां ती फळी कापून नवें प्लायवुड बसवावयाचें, जुनें कवच लांबवर घासून त्यावर नवे थर चढवावयाचे. म्हणजे खर्च योजल्याच्या कितीतरी पट.

‘नुसता रंग देऊन दिली असती तर?’ असें ते स्वतःशींच म्हणाले, आणि उघडलेल्या डब्याचें झांकण त्यांनीं पुन्हा घट्ट बसविलें.