तसबिरीमागची भेग

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर मी माईकवर दोन मिनिटं मागितली होती. तेवढ्यात प्रसादाची गडबड सुरू झाली आणि विषय राहिला. खरं तर तो दोन मिनिटांत मावणारा नव्हताच, म्हणून इथे लिहितोय. लांबलं आहे. सवडीने वाचा, पण येत्या गुरुवारच्या आधी वाचा.

देवास गेटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ज्या घरात आपण इतकी वर्षं जमतो, ते घर सगळ्यांना पाठ आहे. खाली दोन दुकानं, मधल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं, वर आपला हॉल. जुना भाग चुन्यातल्या विटांचा, त्यावर सागाच्या तुळया आणि फरशी. मागचा भाग नंतरचा, सिमेंटचा. जिथे जुनं आणि नवं जुळतं, त्या भिंतीवर काही वर्षांपूर्वी एक भेग आली. आपण रंग काढला. दोन पावसाळ्यांत ती परत दिसायला लागली. मग आम्ही तिच्यावर गुरुमाउलींची मोठी तसबीर लावली. आम्ही म्हणजे मीच. खिळा मी ठोकला.

यंदा गुरुपौर्णिमेच्या साफसफाईत तसबीर उतरवली तेव्हा भेग वरून खाली तिरकी गेलेली होती आणि माझी करंगळी आत जात होती. बाहेरून त्याच जागी पिंपळाचं रोप आलंय, चांगलं हातभर. तिथे हजर असलेले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "राहू द्या हो, महाराज सांभाळतील." कोणी काही बोललं नाही. मीही "हो, खरंय" म्हणालो आणि तसबीर परत लावली. त्या रात्री झोप लागली नाही, ते आजपर्यंत नीट लागत नाही.

मला पडलेला प्रश्न असा की, "महाराज सांभाळतील" हे मी म्हणालो तेव्हा ती श्रद्धा होती की कंटाळा होता?

आपल्याच भागातल्या दोन गोष्टी आठवा. इंदूर इथून पंचावन्न किलोमीटर. ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होतं. लोक बसले होते ती जमीन नव्हती, जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होता. तो खचला आणि ३६ जण गेले. तिथल्या बांधकामाबद्दल रहिवाशांच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या, नगर निगमची नोटीसही निघाली होती. दुसरी गोष्ट ४ ऑगस्ट २०२४ ची, सागर जिल्ह्यातल्या शाहपूरची. इकडचा सावन चालू होता, आपला मराठी श्रावण दुसऱ्या दिवशी लागायचा होता. मुलं मातीची शिवलिंगं घडवायला बसली होती. शेजारच्या जर्जर घराची भिंत पावसाने भिजून त्यांच्यावर पडली. नऊ मुलं गेली. नऊ लहान मुलं, हातात शिवलिंगाची माती. ही दोन्ही ठिकाणं देवाच्या कामाचीच होती. तिथल्या लोकांची भक्ती आपल्यापेक्षा कमी होती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. कोणाची असेल तर त्यांनी त्या आयांसमोर जाऊन म्हणावं.

आपण सत्संगात संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द इतक्यांदा ऐकतो की त्यांची धार गेली आहे. संचित म्हणजे साठलेलं. प्रारब्ध म्हणजे त्यातलं भोगायला आलेलं. क्रियमाण म्हणजे आत्ता आपल्या हातून घडतंय ते. भिंत पडल्यावर ज्याच्या वाट्याला घाव आला त्याचं प्रारब्ध म्हणा हवं तर, त्यावर मी वाद घालणार नाही. पण भिंत उभी आहे, भेग दिसते आहे, तोवर ती क्रियमाणाच्या खात्यात आहे. उभ्या भिंतीला आधीच प्रारब्ध म्हणणं म्हणजे आपल्या कामाचं बिल देवाच्या नावावर फाडणं. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत कर्म, विकर्म आणि अकर्म वेगळं करून दाखवतात, आणि काहीच न करण्यातही कर्म पाहायला सांगतात. अठराव्यात तर मोहापोटी कर्तव्य सोडण्याला सरळ तामस त्याग म्हटलंय. आमचं गप्प बसणं मी त्या रात्रीपर्यंत सात्त्विक समजत होतो.

मला कोणी म्हणालं, "तुमचा विश्वास कमी पडतो." असेल. पण घरात गॅसचा वास आला तर आपण उदबत्ती लावून बसत नाही, आधी रेग्युलेटर बंद करतो. बीपीची गोळीही रोज घेतो.

आता भिंतीचं थोडं. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. शेतात दिसतात तशाच त्या घराच्या पायाखालीही पडतात. दरवर्षी पाया किंचित वर-खाली होतो आणि भिंत तिरकी फाटते. फाटीतून पाणी शिरतं. जुन्या भागात चुना धुपतो आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. नव्या भागात आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो सिमेंट आतून ढकलून पाडतो. वरून आपण वजन वाढवतो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की एक टन. गुरुवारी साठ माणसं म्हणजे साडेतीन टन, आणि नामस्मरणात आपण सगळे एका तालावर टाळ्या वाजवतो, नाचतोही. २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून आपल्या गल्लीत किती घरांवर यात्रेकरूंसाठी खोल्या चढल्या ते मोजा एकदा. खालचा पाया आजोबांच्या वेळचा. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे, खोल्या अजून चढतील.

पिंपळाचं तर विचारूच नका. एका ताईंनी त्या रोपाला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. भाव चांगलाच आहे. पण पिंपळाचं मूळ विटांच्या सांध्यात शिरलं की पाचर मारल्यासारखं भिंत उघडत जातं. ते रोप मुळासकट सोडवून क्षिप्रेच्या काठी लावू या, तिथे ते खरं वाढेल.

मुंबईत हे फार झालंय, म्हणून तिथल्या दोन इमारतींबद्दल लिहितो. भेंडीबाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत. शंभरीच्या पुढची, २०११ मध्येच धोकादायक ठरलेली. पुनर्विकास ठरला होता, काही कुटुंबं निघून गेली होती, काही राहिली होती. ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी ती कोसळली. ३३ जण गेले. लोक पटकन म्हणतात, "माहीत होतं तर राहिले कशाला?" मीही म्हणायचो. आता म्हणवत नाही. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. मालकाला भाड्यात चुन्याचं पोतं परवडेना, त्याने दुरुस्ती सोडली. सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं आणि उपकर लावला, पण इमारती एकोणीस हजारांहून जास्त. त्यात एकदा घर सोडून संक्रमण शिबिरात गेलेल्यांची उमर तिथेच गेल्याची उदाहरणं डोळ्यांपुढे. मग माणूस भेगेकडे बघतो आणि हक्काकडे बघतो, आणि राहतो.

दुसरी बाबू गेनू मार्केटची, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ. १९३० मध्ये परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण दिलेल्या गिरणी कामगाराचं नाव त्या इमारतीला. २७ सप्टेंबर २०१३ ला पहाटे ती पडली, ६१ जण गेले. वय जेमतेम तेहतीस-चौतीस वर्षं. इमारत महापालिकेची, राहणारे महापालिकेचे कर्मचारी, तळमजला महापालिकेनेच भाड्याने दिलेला. जी महापालिका दुसऱ्यांच्या इमारतींना नोटिसा चिकटवते, तिची ही स्वतःची. इथे गरीब मालक नव्हता, अडलेला भाडेकरू नव्हता, गोठलेलं भाडं नव्हतं. फायली होत्या, आणि त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होत्या.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला उलगडलं. मी आजवर जबाबदारी मालकीवरून ठरवत होतो. घर ज्याचं, दुरुस्ती त्याची. आपल्या घराचे सात वारस, कोणी पुण्यात, कोणी कॅनडात. त्यांचं म्हणणं, भाडं किती येतं ते बघा. ते खरं आहे. दुकानदार म्हणतात, आम्ही खालचे, वरच्या भिंतीचं आम्हाला काय. तेही चूक नाही. बिऱ्हाडं म्हणतात, आम्ही बोललो तर आम्हालाच काढतील. तेही खरं. आपण म्हणतो, आपण पाहुणे, आठवड्यातून दोन तास येतो. प्रत्येकाचं कारण खरं आहे आणि भेग वाढते आहे. म्हणजे मालकी हे मापच पुरत नाही. ज्याला कळलं, त्याच्यावर ते आलं, मग कागदावर नाव असो नसो. आणि दहा जणांना कळलं तर ते दहा तुकड्यांत वाटलं जात नाही, दहाही जणांवर पूर्ण येतं. शंभर रुपयांची उधारी वाटता येते. खाली झोपलेल्या पोराचा जीव कसा वाटणार?

आपल्याकडे तर भेग सगळ्यात आधी आम्हाला कळली आणि आम्ही तिच्यावर गुरूंना उभं केलं. ज्यांनी आयुष्यभर डोळे उघडायला सांगितलं, त्यांचीच तसबीर झाकण म्हणून वापरली. याची मी सर्वांसमोर क्षमा मागतो.

आता पुढचं.

तसबीर उतरवून माझ्या घरी आणली आहे. आपल्यातल्या एका निवृत्त इंजिनीअर काकांनी भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने बसवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग जिवंत असेल तर काच तडकते. नवव्या दिवशी तडकली. काका म्हणाले, वर गर्दी नको, आणि रीतसर तपासणी होईपर्यंत टाकीही अर्धीच भरा. येता गुरुवार फ्रीगंजला, पत्ता ग्रुपवर टाकला आहे. वर्गणीतून तपासणीची फी द्यायची आहे, सभामंडपाच्या रंगाचे पैसे तिकडे वळवायला हरकत असेल तर मोकळेपणी सांगा.

सत्संग हलवणं सोपं आहे. आपण चपला घालून दुसरीकडे जाऊ. मधल्या मजल्यावरच्या काकू जाऊ शकत नाहीत. त्यांच्या डाळीच्या वरणाचा प्रसाद आपण वर्षानुवर्षं खाल्लाय. मी परवा गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा ठेवला, मग म्हणाल्या, "भाऊ, खोली सोडली की गेली. सासऱ्यांच्या वेळच्या पावत्या आहेत माझ्याकडे, पण पावत्यांवर कोण थांबतंय?" त्यांची भीती खोटी नाही. म्हणून मी वारसांना फोन केला. दुरुस्तीनंतर तीच जागा त्याच भाड्यात परत मिळेल, असं स्टँप पेपरवर लिहून द्यायला चार जण तयार आहेत, तिघांनी अजून उत्तर दिलं नाही. आपल्यात दोन वकील आहेत, त्यांनी मसुदा बघावा. तो कागद हातात पडेपर्यंत काकू हलणार नाहीत, आणि पाऊस अजून दीड महिना आहे. दुसऱ्या बिऱ्हाडातली मुलगी यंदा दहावीला आहे, तिची शाळा जवळच आहे, त्यामुळे त्यांना फार लांब चालणार नाही.

देवास गेट, माधवनगर किंवा फ्रीगंज भागात कोणाकडे तळमजल्यावर दोन खोल्या तीन-चार महिन्यांसाठी मोकळ्या असतील, तर मला फोन करा. ग्रुपवर लिहू नका, काकूंना ते आवडणार नाही.

आपला,
एक गुरुबंधू
उज्जैन