पाहणी आणि बदगुमानी

आखातात कमावणारे आपले कोकणी बांधव आता दुबईत घरेही घेऊ लागले आहेत. २००२ पासून तेथे ठरावीक भागांत परकीयांनाही मालकी हक्काने घर घेता येते. पुष्कळदा पैसा भरणारा रत्नागिरीत, घर समुद्रापलीकडे आणि मध्ये केवळ दलालाने पाठवलेली छायाचित्रे! म्हणून स्वतंत्र तपासनीस नेमण्याची रीत तेथे आहे. तो भिंतीला ओल मोजण्याचे यंत्र लावतो, फरशी ठोकून पोकळ आवाज ऐकतो, नळ चालवून पाहतो.

वाचकहो, आपण म्हणाल, विकणारा आपल्याच मोहल्ल्याचा, पाच वक्त नमाजी. त्याच्या घरी तपासनीस धाडणे ही बदगुमानी नव्हे काय?

सूरह हुजुरातची १२ वी आयत अति संशयापासून दूर राहण्यास सांगते, हे खरे. परंतु त्याच सूरहच्या ६ व्या आयतीत फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. संशय म्हणजे पुराव्याविना माणसाविषयी केलेला निवाडा. तपासनीस माणसाला पाहत नाही, भिंत पाहतो. आदरणीय प्रेषितांनी (स.) स्वतः बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. पावसाबद्दल त्यांनी त्याला दोष दिला नाही. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारले. आपल्या शाफई फिकहमधील प्रबळ मत तर न पाहिलेल्या वस्तूचा सौदा वैधच मानत नाही. हनफी मत पाहिल्यानंतर तो मोडण्याचा अधिकार देते.

तपासनिसाचा मोबदला मात्र घेणाऱ्यानेच द्यावा आणि सौदा होवो न होवो, तो तेवढाच असावा. दलालाकडून पैसे घेणाऱ्याच्या अमानतीवर विसंबणे कठीण.

खरा पेच पुढेच आहे. अहवालात गळती निघाली, आपण माघार घेतली, बयाणा परत मिळाला. उद्या दुसरा गिऱ्हाईक येईल. आपले कर्तव्य संपले काय? हजरत वासिला (रजि.) यांनी विकल्या गेलेल्या उंटाच्या खुरातील दोष खरेदीदाराला गाठून सांगितला होता. सौदा त्यांचा नव्हता, तरीही जाणणाऱ्याने सांगितलेच पाहिजे, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी पाळली. ही गीबत ठरत नाही. इमाम नववींनी अशा इशाऱ्याला गीबतीच्या मनाईतून वगळले आहे. मात्र गळतीच सांगावी, विकणाऱ्याच्या नमाज-रोजाची चर्चा व्हॉट्सॲपवर करू नये. नवा गिऱ्हाईक ठाऊक असेल तर त्याला अहवालाची प्रत द्यावी. नसेल तर विकणाऱ्याला दोष लेखी कळवावा, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ असे त्याला म्हणता येणार नाही.