मुंबईची थंडी आणि तिचं माप

मुंबईत थंडी पडतच नाही, हे घाटावरच्या माणसाचं ठाम मत असतं. निफाडला पारा एक आकडी होतो, तेव्हा सांताक्रूझची 17 अंशांची सकाळ त्याच्या लेखी थंडीत जमा नसते. मुंबईकर मात्र त्याच सकाळी कानटोपी शोधतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. गावाची थंडी गावाच्या सवयीवर ठरते. हवामान खात्यालाही हे मान्य आहे. मैदानी प्रदेशात थंडीची लाट जाहीर करायला किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली यावं लागतं. किनाऱ्यावर 15 अंश पुरतात; अट इतकीच की ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी हवेत. म्हणजे किनाऱ्यावरच्या शहरात थंडी ओळखायची तर सरासरी हाताशी लागते. मग ती सरासरी काय सांगते आणि काय झाकते, हेही नीट पाहायला हवं.

तिची सुरुवात फार साधी आहे. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत किमान तापमापी आडवी ठेवलेली असते. तिच्या अल्कोहोलमध्ये एक बारीक काडी असते. रात्री हवा गार होते तसा अल्कोहोल आक्रसतो आणि काडीला मागे ओढत नेतो. उजाडल्यावर हवा तापते, अल्कोहोल पुढे सरकतो, काडी मात्र जागची हलत नाही. सकाळी साडेआठला निरीक्षक काडीजवळचा आकडा वहीत उतरवतो. अशा तीस वर्षांच्या नोंदींतून सांताक्रूझच्या जानेवारीची सरासरी निघते: रात्री 17 अंशांच्या आसपास, दिवसा 31 च्या आसपास. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याची रात्र त्याहून दोनेक अंशांनी उबदार असते. एकाच शहरात ही दोन मापं. पत्र्याच्या खोलीतल्या रात्रीची नोंद तर कुठल्याच वहीत होत नाही.

सरासरी पहिल्यांदा झाकते ते चढउतार. 2024 च्या डिसेंबरात सांताक्रूझला 4 तारखेला कमाल तापमान 37.3 अंशांवर गेलं आणि 9 तारखेच्या पहाटे किमान 13.7 वर उतरलं. महिन्याची सरासरी काढली की ही दोन्ही टोकं एकमेकांत जिरून जातात. मुंबईचा हिवाळा वाऱ्यांच्या ओढाताणीतून घडतो. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले, की समुद्रावरचा खारा वारा दुपारपर्यंत आत शिरू शकत नाही आणि शहर भाजून निघतं. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकून गेला, की मागून कोरडे उत्तरी वारे उतरतात, आकाश निरभ्र होतं, जमिनीची उष्णता रात्रीत निघून जाते आणि पारा झपाट्याने खाली येतो. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 अंशांची नोंद झाली. ती आजही तिथली नीचांकी नोंद आहे.

दुसरं झाकलं जातं ते सातत्य. हे कोकणातल्या आंबा बागायतदाराइतकं कुणाला कळत नाही. हापूसला मोहोर यायला गार रात्री सलग लागतात. एका पहाटेचा कडाका कामाचा नाही. फळधारणा झाल्यावर थंडी मधेच पुन्हा परतली, तर त्याच फांद्यांना पुनर्मोहोर येतो, झाडाचं पोषण त्याच्याकडे वळतं आणि आधी धरलेली कैरी गळते. जानेवारीचं सरासरी तापमान चोख असतानाही बाग रिकामी राहू शकते. झाडाला महिन्याची बेरीज कळत नाही, रात्रींचा क्रम कळतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते: सरासरी स्वतःच जागा बदलते. दर दहा वर्षांनी तीस वर्षांची ही चौकट पुढे सरकते. पूर्वी 1981 ते 2010 होती, आता 1991 ते 2020 आहे. रोजच्या अंदाजासाठी हे योग्यच आहे, कारण शेतकऱ्याला आणि वीज मंडळाला आजच्या काळाशी जुळणारं माप हवं. पण 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं आहे. हवा अशी तापत असताना माप पुढे सरकवलं, की कालची उष्ण रात्र आज ‘सर्वसाधारण’ ठरते. बातमीत तापमान सरासरीइतकंच असल्याचं येतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. फेब्रुवारी हवामान खात्याच्या वर्गवारीत अजून हिवाळ्यातच मोडतो, तरी 2025 च्या फेब्रुवारीअखेर मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. अशा काळात नुसत्या नव्या मापावर विसंबणं म्हणजे हळूहळू विसरत जाणं आहे.

ही विस्मृती रात्रीच्या बाबतीत जास्त महाग पडते. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं, दाटीवाटीच्या वस्तीत वारा फिरत नाही. हिवाळ्याच्या गार रात्री म्हणजे पावसाळ्यानंतरच्या उकाड्यातून आणि येणाऱ्या उन्हाळ्याआधी शरीराला मिळणारी विश्रांती. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र नाही, त्यांना ती फुकट आणि हक्काची मिळते. ती आटली तर पहिला फटका त्यांनाच बसतो.

जागतिक हवामान संघटनेने यावर वाट काढलेली आहे. रोजच्या वापराची सरासरी दर दशकाला बदलते, पण दीर्घकालीन बदल जोखण्यासाठी 1961 ते 1990 हा काळ आधार म्हणून कायम ठेवला आहे. हीच शिस्त आपल्या रोजच्या बातम्यांत यायला हवी. आजच्या किमान तापमानाशेजारी नवी सरासरी द्यावी आणि 1961 ते 1990 चीही द्यावी. सलग किती रात्री गार गेल्या, तेही सांगावं. वेधशाळेच्या वह्यांत हे सारं नोंदलेलं आहे. नव्या आकड्यावरून मुंबईकराने स्वेटर काढायचा की नाही ते ठरवावं. जुना आकडा मात्र महापालिकेच्या विकास आराखड्यासमोर ठेवला गेला पाहिजे, कारण झाडं किती लावायची, वाऱ्याला वाट कुठे मोकळी ठेवायची आणि इमारती किती दाट उभ्या करायच्या, याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.