तथागतांनी वारस नेमला नाही



पेण-रोह्याकडच्या वाड्यांतून अजूनही एक वाक्य कानावर येते : "राजाचे राज्य असते तर असे झाले नसते." रेशनचे धान्य आले नाही, वाडीचा रस्ता झाला नाही, की कोणीतरी हे बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. नव्याने धम्म स्वीकारलेल्या घरांनी तरी या वाक्याचा नीट विचार केला पाहिजे.

सगळेच राजे वाईट होते असे आपण म्हणणार नाही. तो कृतघ्नपणा होईल. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले. सम्राट अशोकाने तर धम्म देशोदेशी पोहोचविला. पण पुढे काय झाले? अशोकानंतर सुमारे पन्नास वर्षांत शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने ठार केले, आणि राज्याचे वारे फिरले. चांगला राजा लाभणे हे प्रजेचे नशीब. नशिबावर हक्क सांगता येतो काय?

आपल्याच जिल्ह्यात पाहा. अलिबागच्या आंग्र्यांचे कुलाबा संस्थान वारस नाही या कारणाने कंपनी सरकारने १८४० साली खालसा केले. एका घराचा वंश खुंटला आणि सगळ्या मुलखाचा धनी बदलला. कुळाला, कोळ्याला, महाराला कोणी विचारले नाही. रोह्याच्या शेजारचे जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले. गावोगावचे खोत म्हणजे तर लहान राजेच. त्यांच्याविरुद्ध चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, आणि खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. कोणा राजाच्या कृपेची वाट पाहत ही माणसे बसली नाहीत.

आता तथागतांकडे वळू. सिद्धार्थाचा जन्म शाक्यांच्या गणात झाला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघात आला, तेव्हा सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले, तरी तो आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्यासाठी त्याने घर सोडले, असे बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सांगितले आहे. पुढे वज्जींवर चढाई करू पाहणाऱ्या अजातशत्रूचा मंत्री आला असता तथागतांनी आनंदाला काय विचारले? वज्जींकडे हत्ती-घोडे किती, हे नव्हे. ते वारंवार सभेला जमतात काय, एकदिलाने जमतात काय, एकदिलाने उठतात काय, हे विचारले. तोवर त्यांचा ऱ्हास नाही, असे त्यांचे मत होते.

संघात उपाली न्हावी शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रजित झाला, म्हणून कुमारांनी त्याला वंदन करायचे. देवदत्ताने संघाचे पुढारीपण मागितले, ते त्याला मिळाले नाही. पुत्र राहुल संघात आला, तो वारस म्हणून नव्हे. माझ्यामागे धम्म हाच तुमचा शास्ता, एवढेच सांगून तथागत गेले. अशोकाचे साम्राज्य बुडाले. वारस नसलेला संघ अडीच हजार वर्षे टिकला.

रोह्याच्या दक्षिणेला मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. मुलांना घेऊन एकदा जा. तेथील शिलालेखांत राजाच्या लेखनिकाचे दान आहे, तसेच माळ्याचे आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे आहे, भिक्षुणीचेही आहे.

म्हणून २६ जानेवारी १९५० हा दिवस आपल्याला परका नाही. भिक्षुसंघाला सभेचे नियम व मतदान ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत करून दिली. त्याच भाषणात, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. लुंबिनी ज्या देशात आहे त्या नेपाळनेही २००८ साली राजेशाही संपविली.

पण राजा केवळ सिंहासनावर बसतो असे नाही. आपल्या गावकीचे अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जाते काय? विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागणारा शत्रू ठरतो काय? वेगळे मत दिले म्हणून एखाद्या घराला लग्ना-मयताला वगळले जाते काय? वाळीत टाकणे हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. धम्माने तो त्याआधीपासूनच अधर्म आहे. ज्या रूढीने आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले, तीच आपल्या हाताने चालवायची काय?

तेव्हा येत्या पौर्णिमेच्या बैठकीत एवढे करा. हिशेब सर्वांसमोर वाचा. पदाधिकारी मुदतीने निवडा. माता-भगिनींना दाराआड न ठेवता सभेत बसवा आणि त्यांचे मत मोजा. विरोधी बोलणाऱ्याचे पुरते ऐकून घ्या; शाक्य संघात एकटा उभा राहिलेला तो सिद्धार्थच होता, हे विसरू नका.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!