वारसा आणि ऋण

माझा एक जुना विद्यार्थी छत्तीसगडात भाताच्या खाचरांमध्ये काळ्या दगडाची भुकटी पसरण्याचं काम करतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, बेसाल्टची भुकटी विरघळवतं, आणि तो कार्बन बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो. तिथे तो हजारो वर्षं राहतो. त्याचा टनावारी हिशेब होतो आणि परदेशी कंपन्या ते टन विकत घेतात. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने विचारलं, "सर, आम्ही लोकांची पापं धुऊन देण्याचे पैसे घेतोय का?"

मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, पण वाढलो वाईत, भिक्षुकाच्या घरी. त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या.

दगड कार्बन ओढून घेतो याचं मला नवल नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. विहीर खणताना त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक निघतात. मी मुलांना त्यावर आम्लाचा थेंब टाकायला लावायचो. फेस येतो, तो दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइडच. आइसलंडमध्ये हेलिशेडीला हीच क्रिया उलट चालते: हवेतून ओढलेला वायू पाण्यात मिसळून बेसाल्टमध्ये सोडतात आणि त्याचा बहुतांश भाग दोन वर्षांत दगड होतो. तिथला 'ओर्का' हा कारखाना २०२१मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ४,००० टन ठरवली होती. प्रत्यक्षात निघतो तो वायू बराच कमी. जग कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतं. म्हणजे ओर्का पूर्ण ताकदीने वर्षभर चालला, तरी जगाचा साडेतीन सेकंदांचा धूर.

आता पापाचं. महामहोपाध्याय काणे यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या चौथ्या खंडाचा मोठा भाग प्रायश्चित्तांचा आहे. त्यात प्रत्याम्नाय, म्हणजे पर्याय, येतो: कृच्छ्र हे उपवासाचं व्रत झेपत नसेल तर गाय द्यावी, गाय नसेल तर तिचं मूल्य, म्हणजे निष्क्रय, द्यावा. वडिलांकडे असा निष्क्रय द्यायला माणसं येत, आणि ते घेण्याआधी बराच वेळ बोलत बसत. कारण मनुस्मृतीत दानाची वाट आहे ती अडचणीतल्या माणसासाठी. आधी चूक उघड सांगायची, मनापासून जळायचं, तप करायचं; आणि शुद्धी होते ती पुन्हा करणार नाही असं ठरवून खरोखर थांबल्यावर. या कसोटीवर, उड्डाणं वाढवत नेणाऱ्या विमान कंपनीने टन विकत घेतले तर ते प्रायश्चित्त होत नाही. अशी कंपनी थांबू शकते, निदान उड्डाणं कमी करू शकते. ज्याला व्रत झेपतं त्याच्यासाठी निष्क्रय नाही.

पण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं हे अर्धंच उत्तर झालं. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचं प्रमाण दशलक्षात २८० भाग होतं, आज ते ४२०च्या वर आहे. सगळी धुराडी उद्या बंद झाली तरी या वाढीचा मोठा भाग शतकानुशतकं राहील. त्यातला काही भाग टाकणारे कधीच मेले. मँचेस्टरचा गिरणीमालक आता पश्चात्ताप करू शकत नाही. मेलेल्याचं प्रायश्चित्त उरत नाही, ऋण उरतं.

आणि ऋणाबद्दल याज्ञवल्क्य फार स्पष्ट आहे: ज्याने मालमत्ता घेतली, त्याच्याकडून कर्ज फेडून घ्यावं. केवळ मुलगा म्हणून येणारी जबाबदारी आपल्या हिंदू वारसा कायद्याने २००५च्या दुरुस्तीत नव्या कर्जांपुरती काढून टाकली, ते बरंच झालं. वारसा घेणाऱ्यावरची जबाबदारी मात्र त्या वारशाच्या मर्यादेत अजून आहे. आजवरच्या एकूण धुरात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे पाव. त्या धुरातून उभ्या राहिलेल्या रेल्वे, विद्यापीठं, बँका ज्यांच्याकडे आल्या, त्यांना "आम्ही कुठे जाळलं?" असं म्हणता येणार नाही.

म्हणून २०२२मध्ये स्ट्राइप, अल्फाबेट, मेटा वगैरेंनी 'फ्रंटियर' या सामायिक उपक्रमामार्फत अजून न काढलेल्या कार्बनसाठी ९२.५ कोटी डॉलर आगाऊ कबूल केले, ते मला योग्य वाटतं. कुणीतरी महाग असताना विकत घेतल्याशिवाय हे तंत्र स्वस्त होणार नाही. पण हा पैसा मागच्या खात्यात जमा व्हावा. आजच्या डेटा सेंटरच्या विजेची वजाबाकी त्यातून करू नये. ती वीज स्वच्छ करणं हे त्यांना झेपणारं व्रत आहे.

विद्यार्थ्याला मी म्हटलं, पैसे घे, संकोच करू नकोस. फक्त करारात दोन गोष्टी लिहून घे. विकत घेणाऱ्याने आपली कपात आणि हे टन वेगवेगळे जाहीर करावेत. आणि शेतकऱ्याला भुकटी फुकट दिली एवढ्यावर थांबू नये; त्याच्या खाचरात ऋण फिटतं आहे, तर टनाच्या किमतीत त्याचा हिस्सा आकड्यात लिहिलेला हवा, आणि भुकटीतल्या निकेल-क्रोमियमची तपासणी दरवर्षी कंपनीच्या खर्चाने व्हायला हवी. दुसरी अट मान्य होईल, असं तो म्हणाला. पहिलीवर त्याचे वरिष्ठ अजून बोलत आहेत.