भाडं मिळालं, एवढं तरी लिहून द्या

मे महिना लागला की नवीन पनवेल, कामोठे, करंजाडे भागातल्या इस्टेट एजंटांच्या गाळ्यांत बसायला जागा नसते. शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचं असतं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी अंगठा घ्यायचं छोटं यंत्र. ‘काका, अंगठा नीट दाबा, ठसा येत नाही,’ हे वाक्य दिवसभर चालू. कराराचा मजकूर एजंटाकडे आधीच तयार असतो. नावं, रक्कम आणि तारखा बदलल्या की झाला नवा करार. तो वाचत कुणीच नाही. वाचायला घेतलाच, तर मागचे लोक चुळबुळ करतात.

एकदा वाचून पाहावा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पाहुणे राहायला आणायचे नाहीत, घर सोडताना रंगाचे पैसे कापले जातील, हे सगळं ठसठशीत. जुलैत स्लॅब गळायला लागला तर दुरुस्ती कुणी करायची? डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत द्यायचं? न्हाणीघराचा नळ पहिल्या दिवसापासून ठिबकत होता, हे कुठे नोंदलं? इथे मजकूर गप्प. आणि भांडणं नेमकी ह्याच गोष्टींवरून होतात. ज्याच्या सांगण्यावरून मजकूर तयार होतो, त्याच्या गैरसोयी लिहिल्या जातात, दुसऱ्याच्या राहून जातात. ह्यात दुष्टपणा असतोच असं नाही. बहुतेक वेळा सवयच असते.

कायद्याने मात्र लेखणी कुणाच्या हातात असते हे नीट ओळखलंय. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. लिहायची ताकद ज्याच्याकडे होती त्याने लिहिलं नाही, तर तोंडी शब्दाचा फायदा दुसऱ्याला.

तरीही ‘करार नको, आपण घरचेच आहोत’ हे ऐकू येतंच. त्यामागे भीती असते: कागद दिला की माणूस जागा बळकावेल. ही भीती 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या आणि पागडीच्या काळातली. आजोबांकडून वडिलांकडे आणि तिथून मुलाकडे वारशाने आलेली. आज हिशेब उलटा आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागता येतं, दुप्पट दराने भरपाईही मागता येते. पण त्यासाठी हातात करार लागतो. म्हणजे ज्या कागदाला मालक घाबरतो, तोच त्याचं रक्षण करतो. खर्च म्हणावा, तर बारा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. पनवेल 2016 पासून महापालिका आहे.

भाडेकरूला मात्र हा कागद घराच्या चार भिंतींपलीकडे लागतो. गॅसच्या जोडणीला लागतो, आधारवरचा पत्ता बदलायला लागतो. आरटीईच्या 25 टक्के जागांवर मुलाचा अर्ज भरताना भाड्याने राहणाऱ्याकडे नोंदणीकृत करारच मागतात. तळोजा एमआयडीसीत पाळ्या करणारा बाप सहा वर्षं वेळेवर भाडं भरत असेल, पण मालकाने करार केला नाही तर त्याच्या पोराला शाळेपासूनच्या अंतराच्या हिशेबात जागाच नाही. तो ह्या शहरात राहतो, हे सांगणारं कुणी नाही. मालकाच्या लेखी टाळलेली एक कटकट, त्याच्या लेखी पोराची शाळा. हे आपण ‘व्यवहार’ म्हणून सोडून देतो, ते मला पटत नाही.

इथवर सोपं होतं. अवघड गाठ गावठाणात आहे. सिडकोने शेतजमीन घेतली, त्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी ‘गरजेपोटी’ घरं बांधली, वर दोन मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या. शेती गेल्यावर कित्येकांची चूल त्या भाड्यावर पेटते. ही घरं नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. तिथल्या एखाद्या काकूंकडे जाऊन ‘करार नोंदवा’ म्हणा. त्या विचारतील, ‘माझ्याच घराचा कागद सरकार देत नाही, मी तुला कुठून देऊ?’ ह्या प्रश्नाला कलम 55 कडे उत्तर नाही. जिला आपल्याच अंगणात अनधिकृत ठरवलं जातं, तिने अंगठ्याच्या यंत्रापासून लांब राहावं, ह्यात मला लबाडी दिसत नाही. आणि विमानतळ आला, भाडी चढली, तसा तिचा आणि तिच्या भाडेकरूचा दोघांचाही धोका वाढलाय.

पण त्याच काकूंकडे एक वही असते. कोणत्या खोलीचं किती आलं, लाइट बिलाचे किती राहिले, सगळं तारीखवार. तीच नोंद भाडेकरूच्या हातात का पडू नये? भाडं घेतलं की लेखी पावती द्यायची, हेही त्याच कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. पावतीने आरटीईचा अर्ज भरता येणार नाही, हे मान्य. पण ‘दोन महिने बुडवलेत’ असं उद्या कुणी म्हटलं तर दाखवायला काहीतरी असेल. डिपॉझिट रोखीने दिलं असेल तर हा साधा कागद सगळ्यात आधी हवा. पावतीपुस्तक कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. तारीख, रक्कम, कोणत्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट जमा किती, खाली सही. आणि घर सोडताना आणखी एक चिठ्ठी: चावी मिळाली, पंखे तीन चालू, गिझर आधीपासून बंद, डिपॉझिटपैकी इतके परत दिले, इतके अमुक कारणाने कापले. दोन प्रती, दोन सह्या. करार एजंटाचा असला तरी ही चिठ्ठी दोघांनी आपल्या हाताने लिहायला कुणाची आडकाठी नाही.